छिंग काळातील दोन वेश: मांचू झगा आणि हान घागरा
1644 मध्ये चीनच्या ईशान्येकडील मांचू लोकांच्या छिंग राजघराण्याने बीजिंग घेतले आणि पुढच्याच वर्षी चीनमधील बहुसंख्य हान समाजाच्या पुरुषांवर डोक्याचा पुढचा भाग भादरून वेणी राखण्याची सक्ती केली. स्त्रियांचा पेहराव मात्र बव्हंशी तसाच राहिला. मांचू स्त्री घोट्यापर्यंतचा एकसंध झगा घाली, एकेका कानात तीन कुंडले लेई आणि तळव्याच्या मध्यभागी उंच लाकडी ठोकळा असलेल्या पादत्राणांवर चाले. हान स्त्री रुंद बाह्यांच्या अंगरख्याखाली, पुढेमागे सपाट पट आणि दोन्ही बाजूंना चुण्या असलेला घागरा कमरेला गुंडाळी. कलाकुसरीत हा घागरा निःसंशय सरस; पण त्याखाली बालपणीच बांधून खुंटवलेली पावले असत, आणि ती वेदना मांचू वेशात नव्हती. एकोणिसाव्या शतकात मांचू झग्यांवरही हान धाटणीच्या रुंद बाह्या आणि भरतकामाचे काठ आले.