दोन फुटी रीफ टाकीवर ‘१६५ वॅट’चा ब्लॅक बॉक्स: एक उन्हाळा, एक पावसाळा काढल्यावर

रीफ टाकी, म्हणजे खाऱ्या पाण्यात प्रवाळ आणि मासे ठेवायची टाकी, ठाण्याच्या फ्लॅटमध्ये, दोन फूट लांब, सव्वा फूट रुंद, सव्वा फूट उंच. आत क्लाउनफिशची जोडी आणि प्रवाळ: झोआ, मशरूम, एक टोडस्टूल लेदर आणि दगड बळकावत सुटलेला झेनिया. वर दिवाळीनंतर टांगलेला चिनी ब्लॅक बॉक्स एलईडी, म्हणजे निळ्या आणि पांढऱ्या प्रकाशाला वेगवेगळा नॉब असलेला काळा डबा. या डब्याला अमुक एक कंपनी अशी नसतेच, तोच डबा ऑनलाइन पाच नावांनी दिसतो. ५५ एलईडी, प्रत्येकी ३ वॅट, म्हणून खोक्यावर १६५ वॅट. प्लगच्या वॅटमीटरवर दोन्ही नॉब पूर्ण फिरवून पाहिलं, तर ११०च्या आसपास. मी चालवतो ४५ वर. रोज नऊ तास धरले तर महिन्याला साधारण १२ युनिट. बिलात कळतही नाही.

मग निम्म्याहून कमीवर का? कारण टाकीत काय ठेवणार, यावर लाइट ठरतो, आणि आपल्याकडे ते बरंचसं कायद्यानेच ठरवलंय. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत दगडी प्रवाळ आणि सी फॅन (पंख्याच्या आकाराचे प्रवाळ) आहेत, त्यामुळे मालवणला डुबकी मारून एखादा तुकडा उचलून आणायचा विचारही नको. नवशिक्याच्या टाकीत मऊ प्रवाळच येतात. त्यांना ५० ते १५० पार पुरतो. पार म्हणजे ४०० ते ७०० नॅनोमीटरमधला, प्रकाशसंश्लेषणाला उपयोगी पडणारा प्रकाश किती पडतोय त्याचं माप. परदेशी व्हिडिओंमध्ये अ‍ॅक्रोपोरा या दगडी प्रवाळावर ३०० पार मारलेला पाहून इथे कोणी नॉब फिरवला, तर मशरूम चुरगळून बसतात.

एका मित्राचा पार मीटर आणून मोजलं. डबा पाण्यापासून एक फूट वर, निळा ४० टक्के, पांढरा १०. वाळूवर मधोमध ११०, दगडाच्या टोकावर १७०, मागच्या कोपऱ्यात ४५. डब्याच्या ९० अंशी लेन्स प्रकाश मध्यावर गोळा करतात, त्यामुळे मध्य आणि कोपरा यात एवढी तफावत. ती मला सोयीची पडली. लेदर दगडावर, झोआ मधल्या पट्ट्यात, मशरूम कडेला सावलीत. मोबाइलच्या लक्स अ‍ॅपवर मात्र विसंबू नका. लक्स हे माणसाच्या डोळ्याच्या हिशोबाचं माप, आणि आपल्या डोळ्याला निळा कमी दिसतो.

मीटर नसेल तर झोआंकडे बघा. प्रकाश कमी पडला की देठ लांब करून माना वर काढतात. जास्त झाला की जमिनीलगत चपटे बसतात, रंग फिका पडतो, कधी दिवसभर उघडतच नाहीत. माझ्याकडे मागच्या कोपऱ्यातल्या गुच्छाचे देठ बोटाच्या पेराएवढे झाले होते. वीतभर पुढे सरकवल्यावर नवे पॉलिप (झोआचं एकेक तोंड) आखूड आणि गडद आले. प्रवाळाचा कोणताही नवा तुकडा आणला की मी तो आधी वाळूवर ठेवतो आणि काही आठवड्यांत हळूहळू वर चढवतो. नॉबला हात लावत नाही.

निळा रंग हा निव्वळ शोबाजी नाही. समुद्रात खोलवर निळाच पोचतो, आणि प्रवाळाच्या पेशींत राहणाऱ्या शैवालाला ४५०च्या आसपासचा प्रकाश चांगला वापरता येतो. झोआंचे हिरवे-नारिंगी रंग चमकतात तेही त्या निळ्यावरच. हॉल रात्री असा दिसतो की आई विचारते, “ऑर्केस्ट्रा बार काढलायस का घरात?” पांढरा वाढवला तर डोळ्यांना बरं वाटतं. पण पांढऱ्याच्या चॅनेलमध्ये मधूनच लाल-हिरवे एलईडी घुसवलेत, त्यामुळे वाळूवर लाल-हिरव्या सावल्या सरपटत राहतात. हे मला शेवटपर्यंत आवडलं नाही. काचेवर शेवाळ आलं की लोक आधी पांढऱ्याला दोष देतात. माझं मत विचाराल तर आधी माशांच्या खाण्याचा चमचा बघा, शेवाळाला पोसणारं नायट्रेट तिथून येतं.

निळ्याला एक प्लग, पांढऱ्याला एक, त्यामुळे दोन टायमर लागतात. बॅटरीवाले डिजिटल घ्या. काट्याचे टायमर लाइट गेली की मागे पडतात आणि चार दिवसांनी प्रवाळांची सकाळ संध्याकाळी होते. निळा दुपारी १ ते रात्री १०, पांढरा ३ ते ८, म्हणजे ऑफिसातून आल्यावर बघायला मिळतं. वायर सॉकेटच्या खालपर्यंत लोंबती सोडा, म्हणजे ओघळलेलं खारं पाणी तिथूनच टपकेल. आणि घरात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच, नसेल तर लाइटच्या आधी तो बसवून घ्या.

आता कुरबुरी. डब्याचे पंखे पाण्यावरची खारी वाफ आत ओढतात. लेन्सवर पांढरट सायीसारखा थर चढतो. आरओच्या पाण्यात भिजवलेल्या मऊ फडक्याने दर पंधरवड्याला पुसावा लागतो, नाहीतर प्रकाश नकळत उतरतो. एप्रिलमध्ये एक पंखा घरघरायला लागला. विकणाऱ्याने वॉरंटीचं नाव काढताच फोन उचलणं बंद केलं. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून कॉम्प्युटरचा १२ व्होल्टचा पंखा आणून बसवला, तो मूळच्यापेक्षा शांत निघाला. मे महिन्यात पाणी ३०च्या वर गेलं, तेव्हा लाइट दोन तास कमी केला आणि पृष्ठभागावर वेगळा पंखा सोडला. दोन-तीन अंश उतरले. पाणी मात्र भराभर उडतं. रोज आरओचं पाणी टाका, खारं नाही, नाहीतर १.०२५ची घनता बघता बघता वर जाते.

एलईडीऐवजी टी५ नळ्यांचा, म्हणजे बारीक ट्यूबलाइटचा, विचार केला होता. त्यांचा प्रकाश सगळीकडे सारखा पडतो, यात वाद नाही. पण वर्षभरात नळ्या बदलायच्या, आणि रीफच्या नळ्या इथे शोधत हिंडायचं, म्हणून सोडलं. दुकानात ‘मरीन लाइट’ म्हणून मिळणारी स्वस्त निळी पट्टी शोभेची; तिच्यावर प्रवाळ जगवायला जाऊ नका.

दोन फुटी टाकीला हा डबा घ्या, बिनधास्त, पंखा बदलायची तयारी ठेवून. एक फुटी क्यूब टाकी असेल तर डबा टाकीपेक्षा मोठा दिसेल आणि उजेड भिंतीवरच जास्त पडेल. तिथे केसिल ए८० सारखा १५ वॅटचा छोटा दिवा बघा, खिसा थोडा जास्त हलका होईल.