चिऊताई, दार उघड: आठ महिने रोज वाचलेलं एक चित्रपुस्तक

मागच्या दिवाळीत लेकीसाठी काऊ-चिऊच्या गोष्टीचं चित्रपुस्तक घेतलं. चोवीस पानं, किंमत शंभराच्या आत. लेक पाच वर्षांची, मोठ्या गटात. तेव्हाच चार ओळी लिहिणार होते, पण लहान मुलांचं पुस्तक शंभर वेळा वाचून झाल्याशिवाय त्यात काय आहे ते कळत नाही. आता आठ महिने झालेत, आणि रात्री दुसरं पुस्तक काढलं तरी शेवटी हेच हातात येतं.

आधी कागद-बांधणीचं सांगते. कागद गुळगुळीत आणि जाड आहे, भडंगाचे तेलकट हात लागले तरी ओल्या फडक्यानं डाग निघतो. बांधणी मात्र कच्ची. नुसत्या दोन पिना आहेत, तिसऱ्या महिन्यात मधलं पान सुटलं. मी पिना काढून गोधडीच्या दोऱ्यानं तीन टाके घातले, ते अजून टिकलेत. अक्षर ठळक आहे, जोडाक्षरं फार नाहीत. कावळ्याचं घर शेणाचं, चिमणीचं घर मेणाचं. या एका अक्षराच्या फरकावर लेक वाचायला लागली. आधी ‘शे’वर बोट, मग ‘मे’वर, आणि मग ‘ण’ दोन्हीकडे सारखाच आहे हे तिचं तिलाच दिसलं. एवढ्यासाठीसुद्धा मी हे पुस्तक घ्या म्हणेन.

चित्रं देखणी आहेत, पण चित्रकारानं चिऊताईच्या गळ्याखाली काळा पट्टा काढलाय. तो नराला असतो. मादी साधी मातकट तपकिरी, डोळ्यामागं फिकट रेघ. आमच्या जिन्यातल्या मीटरच्या पेटीवर चिमण्यांचं घरटं आहे, त्यामुळे लेकीनं हे पहिल्याच आठवड्यात पकडलं. म्हणाली, “आई, हा तर चिऊबाबा आहे.” कावळाही नखशिखान्त काळा, म्हणजे डोमकावळा झाला. दारात येतो तो गावकावळा, त्याची मान राखाडी असते. मुलं रोज बघतात ते पक्षी तरी चित्रात नीट उतरायला हवेत.

माझी खरी तक्रार शेवटच्या पानाबद्दल आहे. खाली चौकटीत तात्पर्य छापलंय: घर नेहमी पक्कं बांधावं. ज्यांच्या घरात कधी पाणी शिरलं नाही, त्यांना ते पुरत असेल. आम्ही सांगलीच्या गावभागात राहतो. इथं पावसात घर गेलेल्या कावळ्याची गोष्ट वाचताना आज्जी पोळ्या लाटायची थांबते.

सासूबाईंनी ते तात्पर्य ऐकलं आणि लेकीला जवळ घेऊन सांगितलं. २००५ च्या पुरात कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ५३ फुटांच्या वर गेलं होतं. आमचा जोता उंच, घर कोरडं राहिलं. खालच्या गल्लीतली तीन बिऱ्हाडं आमच्या माडीवर आठ दिवस होती. सगळे म्हणायचे, तुमचं घर पक्कं. मग २०१९ चा ऑगस्ट आला. पाणी ५७ फुटांच्याही वर चढलं आणि त्याच जोत्यावरून आत आलं. घर तेच होतं, भिंतीही त्याच. “तेव्हा आम्ही चिमणी होतो गं, मग कावळा झालो,” असं त्या म्हणाल्या, आणि पुन्हा पोळ्या लाटायला वळल्या.

त्या रात्री मला ही गोष्ट पहिल्यांदा नीट ऐकू आली. शेण-मेण हे सुरुवातीच्या दोन पानांतच संपतं. बाकी सगळं पुस्तक दारापाशी घडतं. चिऊताई, चिऊताई, दार उघड. थांब, माझ्या बाळाला न्हाऊ घालते. थांब, बाळाला तीट लावते. थांब, बाळाला झोपवते. चिमणी दुष्ट नाही. तिची सगळी कामं खरी आहेत आणि बाहेरचा पाऊसही खरा आहे. २०१९ मध्ये आम्ही छातीभर पाण्यातून नावेनं बाहेर पडलो आणि विश्रामबागेत ओळखीच्यांकडे गेलो. माझं लग्न होऊन जेमतेम वर्ष झालं होतं, त्या घरात मला कुणी पाहिलंही नव्हतं. त्यांच्याकडेही तान्हं बाळ होतं, दुपट्यात गुंडाळलेलं. त्या वहिनींनी बाळ कडेवर ठेवूनच दार उघडलं, आणि पहिलं वाक्य होतं, “ओल्या साड्या आधी इकडे द्या.”

आणि मी? मी घरून काम करते. खोलीचं दार लावलेलं असतं. लेक बाहेरून टकटक करते आणि मी ‘थांब’ म्हणते. फेब्रुवारीत एकदा ती दाराबाहेरून गोष्टीच्या चालीत म्हणाली, “चिऊताई, चिऊताई, दार उघड.” मी सवयीनं “थांब, एवढं पाठवते” म्हणाले. थोड्या वेळानं बाहेर आले तर ती उंबऱ्यापाशी पुस्तक उघडून बसली होती, कावळा भिजतोय त्या पानावर. तेव्हापासून मी आधी दार उघडते, जवळ घेते, आणि मग थांब म्हणते. काम तेवढंच उशिरा होतं.

एप्रिलमध्ये तिनं पत्र्यावर मेणबत्तीचा तुकडा आणि गोवरीचा तुकडा शेजारी शेजारी ठेवले. दुपारपर्यंत मेण पसरून पत्र्याला चिकटलं, गोवरी होती तशीच. मग ती पुस्तक घेऊन आली आणि विचारलं, “उन्हाळ्यात चिऊताई कावळ्याकडे जाते का?” पुस्तकात याचं उत्तर नाही. आम्ही दोघींनी मिळून पुढची गोष्ट रचली. त्यात कावळा तिसऱ्या हाकेला दार उघडतो, कारण पहिल्या दोन हाकांना तो झोपलेला असतो. ते पान तिनं स्वतः रंगवून तात्पर्याच्या चौकटीवर डकवलंय. त्या पानावरच्या चिमणीच्या गळ्याखाली पट्टा नाही.

चार ते सहा वर्षांच्या मुलांसाठी घ्या, पण घेतल्या घेतल्या पिना काढून शिवून टाका. माझ्या आजीच्या तोंडच्या गोष्टीत कावळा शेवटी तव्यावर बसून भाजतो. या पुस्तकात तो चुलीपाशी ऊब घेतो, आणि हळव्या मुलांसाठी मला हेच बरं वाटलं.

जून लागला की आमच्याकडे सातबारा, रेशनकार्ड, दाखले प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून माळ्यावर जातात. कोयनेतून पाणी सोडल्याच्या बातमीची आम्ही वाट बघत नाही. यंदा मी पिशवीला गाठ मारत होते तेव्हा लेक पुस्तक घेऊन आली. म्हणाली, “हेही ठेव. पण रात्री लागेल.” म्हणून पिशवीला अजून गाठ मारलेली नाही.