मिलिटरीवाल्या साहेबांचा डेक आणि माझे 68,790 रुपये

मिलिटरीचा अधिकारी म्हणून फोन करायचा, कामाची ऑर्डर द्यायची आणि वर आपल्याकडूनच पैसे काढून घ्यायचे, हा प्रकार सगळ्यांना ठाऊक आहे. मलाही ठाऊक होता. केटरिंगवाले, फर्निचरवाले, लॅबवाले, सगळ्यांना असे फोन येऊन गेलेत. तरी माझे 68,790 रुपये गेले. "तू कसा काय फसलास रे?" हे सासुरवाडीपासून पंक्चरवाल्यापर्यंत सगळ्यांनी विचारून झालंय, म्हणून एकदाच काय ते लिहून टाकतो.

मी मावळात प्रेशर वॉशिंग (जोराच्या पाण्याने धुणं) आणि लाकडी डेक, म्हणजे बंगल्याचा फळ्यांचा उघडा ओटा, नीट करून द्यायची कामं घेतो. लोणावळा, पवना, मुळशी या पट्ट्यातले वीकेंडचे बंगले हेच आमचं गिऱ्हाईक. चार महिने पावसात भिजून डेक काळा पडतो, शेवाळ धरतं, माणूस घसरतो. पाऊस उघडला की दिवाळीच्या आत तो चकाचक करून हवा असतो. वर्षाची निम्मी कमाई त्या दीड-दोन महिन्यांत होते आणि या हरामखोरांना ते पक्कं माहीत असतं. जूनमध्ये कुणी मला फोन केला नाही.

पाऊस उघडल्यावर आला: ऑफिसर्स मेसच्या गेस्ट हाउसचा डेक, सोळा बाय चाळीस फूट, सागवान. फोनवरच्या माणसाचा पहिला प्रश्न होता, "प्रेशर कितना रखोगे? पिछले वाले ने लकड़ी के रेशे उठा दिए थे." आता हे ऐकून आमच्या धंद्यातला कुठलाही माणूस विरघळेल. मालक लोक फक्त रेट विचारतात, रेशांचं कुणी विचारत नाही. मी त्याला सगळी प्रोसेस समजावून सांगितली: पसरट फवाऱ्याचं नोझल, सागाला 80 बार दाबाच्या वर जायचं नाही, काळे डाग ऑक्सॅलिक अॅसिडने काढायचे, लाकूड पूर्ण वाळल्याशिवाय तेलाचा हात मारायचा नाही. पुढच्या डेकवाल्याला फसवताना तो हेच बोलला असणार. फुकटात शिकवणी दिली मी त्याला.

640 चौरस फूट, 85 रुपयांनी 54,400 झाले. घासाघीस शून्य. तिथे शंका यायला हवी होती असं म्हणणारे फार भेटले. पण सरकारी कामात कुणी स्वतःच्या खिशातून देत नाही, तिथे घासाघीस नसतेच, असं मला वाटलं. आणि कुणालाही वाटलं असतं.

खरी मेख वेगळीच होती. त्याने माझ्याकडेच संशयाने बघितलं. गेटपाससाठी माझं आधार, माझ्या हाताखालच्या दोन्ही पोरांची आधार कार्डं, टेम्पोचा नंबर, मशिनचा फोटो, "सिक्युरिटी का मामला है, बिना वेरिफिकेशन अंदर एंट्री नहीं." एका पोराचं आधार अंधुक आलं म्हणून परत मागवलं. मी आपला खुलासे देत बसलो. आपण प्रामाणिक आहोत हे सिद्ध करण्याच्या नादात समोरच्याची चौकशी करायची असते हे डोक्यातून निघूनच जातं. त्याने स्वतःचं ओळखपत्र न मागता पाठवलं होतं, वर्दीतला फोटो, सगळं. तो फोटो बहुतेक कुठल्यातरी खऱ्या जवानाचा असेल आणि त्या बिचाऱ्याला पत्ताही नसेल. तसंच आमचं आधार आता कुणाकुणाला दाखवलं जातंय देव जाणे. आधारचं बायोमेट्रिक लॉक करून ठेवा, यूआयडीएआयच्या साइटवर फुकट होतं. मी नंतर केलं.

कामाची जागा डोळ्यांनी बघितल्याशिवाय कोटेशन देऊ नका. मी व्हिडिओवर दिलं. डेक खरा होता, कुणाचा होता ते विचारू नका.

अॅडव्हान्स निम्मा, 27,200. फोन आला तेव्हा मी पवनेकडच्या एका कामावर होतो, मशिन चालू, हातमोजे ओले. "हमारे यहाँ पेमेंट का सिस्टम उलटा है. आप भेजोगे, अकाउंट्स से डबल होके आएगा. पहले पाँच रुपये डालके देखो." पाच टाकले. दहा आले. लगेच, कॉल चालू असतानाच. पैसे घ्यायला पिन लागत नाही हे मला कुणी शिकवायची गरज नाही, माझ्या टेम्पोच्या दारावर क्यूआरचा स्टिकर आहे. पण तो घ्यायचं म्हणतच नव्हता, पाठवायचंच म्हणत होता, आणि पाचाचे दहा मी डोळ्यांनी बघितले होते. शिवाय फोनवर एकसारखा आवाज, "लाइन मत काटना, सर बगल में बैठे हैं." विचार करायला फट ठेवतच नाहीत.

मग 27,200 चा स्कॅनर आला. आता तो क्षण. स्क्रीनवर ज्याला पैसे जाणार त्याचं बँकेतलं नाव आलं. ते कुठल्यातरी मोबाइल रिचार्जच्या दुकानाचं होतं. मिलिटरीचं अकाउंट्स खातं आणि रिचार्जचं दुकान! मी ते नाव वाचलं. वाचलं नाही असं अजिबात नाही. त्याला विचारलंसुद्धा. तो म्हणाला, "वो वेंडर कोड है." माझ्याकडे कामाला असलेला एक पोरगा, विशीचा आहे, बाजूला मशिनची गन धरून उभा होता. तो म्हणाला, "दादा, पण नाव दुकानाचं का आलंय?" मी त्याला हाताने गप्प केलं आणि मोजा दातांनी ओढून पिन टाकला. चार आकडे. ते नाव अजून डोळ्यांसमोर आहे, आणि त्या पोराने नंतर एकदाही तो विषय काढलेला नाही, हे जास्त लागतं.

पैसे आले नाहीत. "जीएसटी में अटक गया, वही अमाउंट फिर से डालो, दोनों साथ रिलीज़ होंगे." पुन्हा 27,200. मग "क्लोजिंग एंट्री" म्हणून खात्यात उरलेले 14,395. दुसऱ्या वेळी का टाकले असं विचारणाऱ्याचे 27,200 कधी हवेत अडकलेले नसतात. गेलेले सोडवायला माणूस आणखी टाकतो, यावरच तर यांचं पोट चालतं. म्हणजे एकूण गेले 68,800, आले 10. शिवाय कामासाठी शेड मिसळून आणलेलं डेकचं तेल आणि अॅसिड मिळून 19,350. शेड मिसळलेला माल दुकानदार परत घेत नाही. अॅडव्हान्स खात्यात पडल्याशिवाय डबा मिसळायला देऊ नका, मग गिऱ्हाईक जनरल असो नाहीतर तुमचा मेहुणा.

आता सरकारी कारभार. 1930, म्हणजे सायबर फसवणुकीची हेल्पलाइन, लावा हे सगळे सांगतात आणि ते बरोबरच आहे, ताबडतोब लावा, बायकोला फोन करण्याच्याही आधी. पण तो लागला पाहिजे ना! बराच वेळ एंगेज. लागला तेव्हा व्यवहाराचे बारा आकडी नंबर मागितले, तिन्ही वेगवेगळे. ते अॅपमधून शोधताना कॉल कटला, पुन्हा रांगेत. त्यामुळे नंबर आधी कागदावर उतरवा. नुसता स्क्रीनशॉट काढलात तर फोनवर बोलता बोलता तो उघडणार कसा?

बँकेत गेलो तर मॅडम मानसुद्धा वर न करता म्हणाल्या, "पिन तुम्हीच टाकलाय ना?" झालं, विषय संपला. रिझर्व्ह बँकेचं 2017 चं परिपत्रक, तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं तर ग्राहकाला तोशीस नाही वगैरे, ते मी प्रिंट काढून नेलं होतं. त्यातलंच वाक्य मला दाखवलं: ग्राहकाच्या निष्काळजीपणाने नुकसान झालं तर बँकेला कळवेपर्यंतचा भुर्दंड ग्राहकाचाच. फसणं आणि निष्काळजीपणा एकच का, याचं उत्तर काउंटरवर मिळत नाही. लेखी तक्रार द्या आणि पोच शिक्क्यासकट घ्या. तीस दिवसांत उत्तर आलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन जाता येतं, पण पोच नसेल तर तिथेही बोंब.

पोलीस चौकीत तर तमाशा. राहतो एका हद्दीत, पैसे गेले तेव्हा दुसऱ्या हद्दीत, बँकेची शाखा तिसऱ्या. पहिल्या ठिकाणी म्हणाले, घटना तिकडची, तिकडे जा. तिकडे म्हणाले, राहता कुठे, तिथे द्या. हद्द कुठलीही असली तरी गुन्ह्याची खबर घेतलीच पाहिजे असं नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 मध्ये लिहिलंय, हे मी हवालदारांना सांगितलं. ते म्हणाले, "मग वकीलच व्हायचं होतं की, फरशा कशाला धुता?" पुढे "साहेब नाहीत." आयटी कायद्यातल्या गुन्ह्याचा तपास निरीक्षकाच्या खालचा अधिकारी करू शकत नाही, हे खरं आहे, पण म्हणून अर्ज घ्यायलाही निरीक्षकच लागतो का? शेवटी गुन्हा नोंदवला नाहीच, तक्रार अर्ज म्हणून घेतला. वर "420 ची केस आहे ही" असं मलाच समजावलं. 420 जाऊन 1 जुलै 2024 पासून न्याय संहितेचं 318 आलंय, पण जाऊ द्या. सीझनचे दिवस होते, प्रत्येक हेलपाट्याला एक बंगला बुडत होता, आणि बाकावर बसवून घेणाऱ्याला त्याचं काय? चोराने निदान "जय हिंद, भाईसाहब" म्हणून तरी बोलावलं होतं.

दरम्यान एक "सायबर वकील" फोन करून गेला. 4,999 भरा, सगळी रक्कम आठवड्यात परत. माझी तक्रार त्याला कुठून कळली, हा प्रश्न मी पोलिसांनाही विचारला. हसले. तक्रारीनंतर येणारा असा प्रत्येक फोन चोराच्याच भावकीतला समजा.

धंद्याच्या यूपीआयला वेगळं खातं ठेवा, त्यात दोन-तीन हजारांवर ठेवू नका, रोज संध्याकाळी मुख्य खात्यात ओढून घ्या. आणि सरकारी खात्याचं बिल फोनवर स्कॅन करून कधीच निघत नाही, मग बोलणारा कितीही कडक आवाजात बोलो.

सध्याची स्थिती: तिसऱ्या व्यवहारातले 11,240 पुढच्या एका खात्यात गोठवलेत. म्हणजे माझे पैसे कुठे आहेत ते सरकारला माहीत आहे, मलाही माहीत आहे, पण ते मिळायला कोर्टाचा आदेश आणा, असं मला सांगितलं. वकिलांनी फी 8,000 सांगितली. लोकअदालतीत होतं म्हणे, तिथे अर्ज टाकलाय.

तेलाचे डबे तसेच पडून आहेत, आणल्यापासून न उघडलेले, सागवानी शेड. डेकचं काम करणाऱ्या कुणाला हवे असतील तर अॅसिडसकट 12,000 ला देईन. जागेवर येऊन बघून न्या, आणि पैसे रोख.