फिनिश लॅपहुंड की लॅपोनियन हर्डर?

मूळ दोघांचं एकच. युरोपच्या उत्तर टोकाला असलेल्या लॅपलँडमधले मूळ रहिवासी, म्हणजे सामी लोक, रेनडिअरचे कळप राखायला जी कुत्री पाळत, त्यांच्यातूनच या दोन जाती आल्या. 1960 च्या दशकात फिनलंडच्या केनेल क्लबने, म्हणजे कुत्र्यांच्या जातींची नोंद ठेवणाऱ्या संस्थेने, त्यांची वाटणी केली. लांब केसांचा तो लॅपहुंड, आखूड केसांचा तो हर्डर. म्हणून बऱ्याच जणांचा हिशोब सोपा असतो: विंचरायचा कंटाळा असेल तर हर्डर आणा. इथेच फसगत होते.

लॅपहुंडच्या मानेत बोटं घालून बघा. वर राठ, सरळ केस आणि आत कापसासारखा अंडरकोट, म्हणजे मऊ लोकरीचा थर. दिसतो तितका हा कोट कटकटीचा नाही. एरवी आठवड्यातून एकदा ब्रश पुरतो, चिखलही वाळला की बराचसा आपोआप झडतो. गुंते होतात ते कानांमागे आणि मांड्यांच्या मागच्या झुपक्यात, तिथे आधी हात घालायचा. केस गळायच्या दिवसांत मात्र रोज बसावं लागतं, मूठ-मूठ लोकर निघते. आणि हर्डर? त्यालाही दाट अंडरकोट असतोच, तोही गळतो. उन्हाळा आला म्हणून दोघांपैकी कुणालाही भादरू नका. सावली, पाणी आणि पहाटेचं फिरणं हाच उपाय, आणि सतत उकाडा असेल तिथे मी दोन्ही सुचवणार नाही.

खरा फरक आहे तो अंगातल्या रगीचा. उंचीत फारसं अंतर नाही: लॅपहुंड नर साधारण 49 सेंमी, हर्डर 51. पण हर्डरची पैदास कळपामागे दिवसभर पळण्यासाठीच जपली गेली. बर्फावर चालणाऱ्या गाड्या, म्हणजे स्नोमोबाइल, आल्यावर कुत्र्यांचं काम घटलं, तरी त्याचा स्वभाव कामकऱ्याचाच राहिला. संध्याकाळच्या एका चकरीवर तो भागत नाही. लॅपहुंडलाही रोज तासभर तरी फिरायला हवंच, पण नंतर तो दारात निवांत पसरतो. फिनलंडमध्ये आज तो घरोघरी दिसतो, ते उगाच नाही.

लॅपहुंडची एक गंमत: मागे भांडं पडलं की तो टुणकन बाजूला उडी मारतो आणि दुसऱ्या क्षणी तेच भांडं हुंगायला येतो. हा भित्रेपणा नव्हे, रेनडिअरची शिंगं चुकवायची जुनी सवय आहे.

भुंकण्यात दोघेही सारखेच. कळप हलवायचं त्यांचं हत्यारच ते. भिंतीला भिंत लागून शेजारी असतील तर पिल्लू असतानाच 'गप्प' शिकवा.

म्हणजे रोज डोंगर चढणारे किंवा धावणारे असाल, कुत्र्याला डोकं लावायचं काम देणार असाल, तर हर्डर. बाकीच्यांनी ब्रश विकत घ्यावा आणि लॅपहुंड आणावा. दोन्ही जातींत डोळ्याचा पडदा झिजून नजर जाण्याचा आनुवंशिक आजार आढळतो. ब्रीडरकडे आई-बापांच्या डोळ्यांचे आणि खुब्याच्या सांध्यांचे रिपोर्ट मागा, आणि तो का-कू करू लागला तर पिल्लू न घेता परत या.