रत्नागिरीत घर: नवा 'सी-व्ह्यू' की जुन्या इमारतीतला रीसेल?

नोकरी रत्नागिरीतच, पगारही इथलाच, आणि वन बीएचके घ्यायचाय. बांधकाम चालू असलेला नवा घ्यावा की वीस-पंचवीस वर्षं जुना?

नवा फ्लॅट बहुधा मुंबईतल्या पैशावर डोळा ठेवून काढलेला असतो. घेणारा मे महिन्यात आणि गणपतीत येणार, पुढेमागे विकणार. नकाशाही त्याच्याच सोयीचा: समोर भलीमोठी काच, वर सपाट स्लॅब, कपडे वाळत घालायला जागा नाही. इथे वर्षाला ३,००० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. उतरती कौलं, वळचण आणि पडवी भिंत भिजू नये म्हणून होती. कार्पेट एरियात, म्हणजे भिंतींच्या आतल्या वापरायच्या जागेत, पडवी-बाल्कनी धरतच नाहीत, मग ती द्यायची कोणी? दोन-चार पावसाळे गेले की गच्चीवर पत्रा चढतो. शहरात एक चक्कर मारा आणि पत्रे मोजा.

कायद्याचा आधार मात्र नव्यालाच. महारेराची, म्हणजे बांधकाम प्रकल्पांवर लक्ष ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाची, नोंदणी असेल तर ग्राहकांच्या पैशातले ७० टक्के वेगळ्या खात्यात ठेवावे लागतात. पण भूखंड ५०० चौरस मीटरपर्यंतचा किंवा सदनिका ८ पर्यंत असल्या तर ही नोंदणी सक्तीची नाही, हे आधी विचारा. वर जीएसटी ५ टक्के. कार्पेट ९० चौरस मीटरपर्यंत आणि किंमत ४५ लाखांपर्यंत असेल तर १ टक्का, कारण सरकारदरबारी ते 'परवडणारं' घर. हा आकडा ठरवणाऱ्याने इथल्या शिक्षणसेवकाचं मानधन पाहिलेलं दिसत नाही.

जुन्यावर जीएसटी नाही, आणि शेजारी बारमाही असण्याची शक्यता जास्त. भीती खाऱ्या वाऱ्याची: सळ्या गंजतात, छताचे पोपडे सुटतात. स्ट्रक्चरल ऑडिट (इमारतीच्या मजबुतीची तपासणी) झालंय का, कन्व्हेयन्स होऊन जमीन सोसायटीच्या नावावर आलीय का, हे दोन कागद बघितल्याशिवाय बयाणा देऊ नका. फार जुन्या इमारतीला बँक कर्ज देताना खळखळ करते, तेही आधीच विचारून घ्या.

राहायचंच असेल तर मी जुना घेईन, ऑडिट बरं आलं तर. नव्याचा मोह सुटत नसेल तर त्याच बिल्डरची आधीची इमारत गाठा, जुलैत, रात्री नऊला. किती खिडक्यांत दिवे आहेत ते बघा. बंद फ्लॅटवाल्यांचा मेंटेनन्स थकला की पंपाचं आणि लिफ्टचं बिल राहणाऱ्या चार घरांनाच भरावं लागतं.