चेकरबोर्ड की टाइम-किल? पिपरीन-सिप्रोफ्लॉक्सासिनची जोडी तपासताना
मिऱ्यातलं पिपरीन स्टॅफिलोकॉकस ऑरियस या जिवाणूचा, औषध पेशीबाहेर टाकणारा नॉरए पंप अडवतं, त्यामुळे एरवी बाहेर फेकलं जाणारं सिप्रोफ्लॉक्सासिन हे प्रतिजैविक पेशीत टिकतं. जोडीचा हा परिणाम मोजण्याच्या दोन पद्धती: चेकरबोर्ड आणि टाइम-किल.

चेकरबोर्डला ९६ वेलची (छोट्या खळग्यांची) एक प्लेट पुरते. आडवं प्रतिजैविक, उभं पिपरीन, दोन्ही निम्म्या-निम्म्याने विरळ करत. मिलिलिटरला सुमारे ५ लाख जिवाणू, ३५ अंशांवर १८ ते २० तास. एमआयसी म्हणजे वाढ रोखणारी किमान मात्रा; प्रत्येक घटकाची जोडीतली एमआयसी भागिले एकट्याची एमआयसी, या दोन्हींची बेरीज म्हणजे एफआयसी निर्देशांक. तो ०.५ किंवा कमी आला तर सिनर्जी, म्हणजे दोघांनी एकमेकांचा परिणाम वाढवला.

गोम अशी, की पिपरीन एकटं जिवाणूंना फारसं रोखत नाही. त्याची एमआयसीच सापडली नाही, तर निर्देशांक काढणार कशावरून? मग पिपरीनची मात्रा ठरावीक ठेवून सिप्रोफ्लॉक्सासिनची एमआयसी किती पट उतरली तेवढंच लिहावं. दुपटीच्या फरकावर मात्र हुरळू नये; एका वेलची चूक नेहमीचीच. शिवाय डीएमएसओ या द्रावकात विरघळवलेलं पिपरीन माध्यमात पडताच साका धरतं आणि तो गढूळपणा वाढ म्हणून नोंदला जातो. जिवाणू नसलेली वेल शेजारी ठेवा, रेझाझुरिन हा निळा रंग घाला: गुलाबी झाला तरच वाढ. नुसत्या डीएमएसओचा कंट्रोलही हवाच.

टाइम-किल वेळखाऊ. ०, ४, ८ आणि २४ तासांनी नमुने काढून अगारवर (जिवाणू वाढवायच्या घट्ट माध्यमावर) वसाहती मोजायच्या. २४ तासांनी, दोघांपैकी जास्त प्रभावी एकट्या घटकाच्या तुलनेत जोडीत १०० पट कमी जिवाणू उरले तर सिनर्जी. जिवाणू मेले की नुसते थबकले, हे इथेच कळतं. नमुना पुरेसा विरळ केला नाही तर सोबत गेलेलं औषध अगारवरही वाढ रोखतं आणि आकडा खोटा उतरतो.

मात्रा चेकरबोर्डवर शोधावी, टाइम-किलला एक-दोनच जोड्या न्याव्यात.