परतीच्या सामन्यांचा हंगाम : चॅम्पियन्स लीग २०१८-१९

युएफा या युरोपीय फुटबॉल संघटनेची चॅम्पियन्स लीग ही क्लबांची स्पर्धा असली, तरी ती प्रेक्षकाला विकली जाणारी वस्तूही आहे. प्रक्षेपणाचे हक्क, प्रायोजक आणि तिकिटे यांवर तिचा डोलारा उभा आहे. तेव्हा तिच्या एखाद्या हंगामाकडे ग्राहकाच्या नजरेने पाहून, दिलेल्या वेळेचे मोल वसूल झाले की नाही, हे तपासायला हरकत नसावी. मी येथे २०१८-१९ चा हंगाम घेतला आहे, कारण तो अलीकडच्या काळातील सर्वोत्तम हंगाम म्हणून नेहमी सांगितला जातो, आणि ही कीर्ती ज्या दहा-दहा मिनिटांच्या क्षणचित्रांवर पोसली गेली आहे, त्यांतून त्याचे खरे बळ मात्र दिसत नाही. माझे मत आरंभीच नोंदवतो : या हंगामाची बाद फेरी अव्वल दर्जाची आहे, साखळी फेरी वगळली तरी चालण्याजोगी आहे, आणि अंतिम सामना साफ निराशा करणारा आहे. बाद फेरीचा आनंद घ्यायचा असेल तर सामने सुटे न पाहता जोडीने, म्हणजे पहिला आणि लगेच परतीचा, असेच पाहावेत.

त्यासाठी रचना थोडी समजून घ्यावी लागते. त्या वेळी ३२ संघ आठ गटांत खेळत, साखळीचे ९६ सामने होत, आणि उरलेल्या १६ संघांमध्ये केवळ २९ सामन्यांत विजेता ठरत असे. अंतिम सामना सोडला तर प्रत्येक लढत दोन सामन्यांची, एक घरच्या आणि एक परक्या मैदानावर अशी, होती आणि एकत्रित गोलसंख्या समान राहिल्यास परक्या मैदानावर अधिक गोल करणारा संघ पुढे जात असे. हा नियम ऐकायला रूक्ष वाटतो, परंतु या हंगामातील जवळजवळ प्रत्येक थरारामागे तोच आहे. एका गोलाने चित्र किंचित सरकत नसे, तर संपूर्ण उलटत असे, आणि मैदानावरील बावीस खेळाडूंना, तसेच गॅलरीतील हजारोंना, हे गणित क्षणोक्षणी ठाऊक असे.

उपउपांत्यपूर्व फेरीतील पॅरिसची लढत हे त्याचे पहिले उदाहरण. मँचेस्टर युनायटेड घरच्या मैदानावर ०-२ ने हरले होते, पोग्बा लाल कार्डामुळे बाहेर होता आणि दुखापतींमुळे इतरही अनेक प्रमुख खेळाडू नव्हते. परतीच्या सामन्यात पॅरिस सेंट जर्मेनकडे चेंडू अधिक काळ राहिला, पण लुकाकूने बचावाच्या आणि गोलरक्षकाच्या चुकांचा फायदा घेत दोन गोल केले, आणि भरपाई वेळेत डालोचा फटका किंपेंबेच्या हाताला लागल्याचे पंच दामिर स्कोमिना यांनी मैदानालगतच्या पडद्यावर पाहून पेनल्टी दिली. रॅशफोर्डने ती मारली, ३-१ असा निकाल लागला आणि युनायटेड परक्या मैदानावरील गोलांच्या जोरावर पुढे गेले. स्पर्धेला १९९२ मध्ये चॅम्पियन्स लीग हे नाव मिळाल्यापासून घरच्या मैदानावर दोन गोलांनी हरलेला संघ प्रथमच अशी भरपाई करू शकला. खरे सांगायचे तर हा सामना खेळ म्हणून फारसा सुंदर नाही. त्यात आहे तो केवळ ताण, आणि पहिला सामना पाहिलेला नसेल तर तोही अर्धाच जाणवतो.

सौंदर्य हवे असेल तर अयाक्स या डच क्लबच्या सामन्यांकडे वळावे. हा संघ थेट गटात आला नव्हता. पात्रता फेरीत श्टुर्म ग्राझ, स्टँडर्ड लिएज आणि डायनामो कीव्ह यांना हरवत तो साखळीपर्यंत पोहोचला होता. रेयाल माद्रिदने मागील तीन हंगाम सलग जिंकले होते, आणि अॅमस्टरडॅमच्या पहिल्या सामन्यात अयाक्सने त्यांच्यावर वर्चस्व गाजवूनही १-२ असा पराभव पत्करला. अयाक्सच्या तालियाफिकोचा गोल व्हिडिओ सहायक पंचांनी, म्हणजे चित्रफीत पाहून निर्णय तपासणाऱ्या पंचांनी, रद्द ठरवला, तो याच सामन्यात. आपले काम झाले अशा समजुतीने रेयालच्या सर्जिओ रामोसने मुद्दाम पिवळे कार्ड ओढवून घेतले, म्हणजे निलंबन परतीच्या सामन्यात भोगून पुढे मोकळे होता यावे. तो परतीचा सामना त्याला बाहेर बसून पाहावा लागला, आणि अयाक्सने रेयालच्या बर्नाबेऊ मैदानावर ४-१ असा विजय मिळवला. झियेश आणि नेरेस यांनी पहिल्या वीस मिनिटांतच लढत फिरवली, परंतु या सामन्याचा आत्मा होता दुसान तादिच. तो नावापुरताच आघाडीवीर होता. खाली येऊन चेंडू घेई, पाठीवर बचावपटू असताना वळे, आणि त्याने रिकाम्या केलेल्या जागेत बाजूचे खेळाडू घुसत. प्रशिक्षक एरिक टेन हाग यांच्या या संघाने चेंडू गमावताच तो काही क्षणांत परत मिळवण्याचा जो ध्यास घेतला होता, तो क्षणचित्रांत दिसत नाही, कारण क्षणचित्रे गोलापासून मागे फार तर तीन पासपर्यंत जातात. पुढच्या फेरीत युव्हेंटसविरुद्ध तूरिनमध्ये रोनाल्डोने आधी गोल केला असतानाही हा संघ गडबडला नाही. व्हान डी बीकने बरोबरी साधली आणि १९ वर्षांचा कर्णधार मथायस डी लिख्ट याने कॉर्नरवर हेडरने विजयी गोल केला. संपूर्ण हंगामातून केवळ दोन सामने पाहायला वेळ असेल, तर बर्नाबेऊ आणि तूरिन येथील हे दोन पाहावेत, असे मी निःशंकपणे सांगेन. सामने जोडीने पाहण्याच्या माझ्या आग्रहाला हा एवढा अपवाद.

उरलेल्या लढतींपैकी अॅटलेटिको माद्रिदविरुद्ध रोनाल्डोची हॅटट्रिक पाहण्यासारखी आहे. मँचेस्टर सिटीने शाल्केला एकूण १०-२ ने हरवले ती लढत वेळेचा अपव्यय आहे, आणि बार्सिलोनाच्या ल्यों व युनायटेडविरुद्धच्या विजयांत मेस्सीव्यतिरिक्त फारसे काही नाही. मेस्सीने हंगामात स्पर्धेतील सर्वाधिक १२ गोल केले, हे मात्र विसरता कामा नये.

व्हिडिओ सहायक पंच ही सोय या स्पर्धेत प्रथम याच हंगामात, तीही बाद फेरीपासून, आणली गेली. तिचे गुणदोष एकाच लढतीत पाहायचे असतील तर टॉटनहॅम आणि मँचेस्टर सिटी यांची उपांत्यपूर्व फेरीतील लढत पुरेशी आहे. टॉटनहॅमच्या नव्या स्टेडियममधील पहिल्या सामन्यात व्हिडिओच्या आधारे मिळालेली पेनल्टी सिटीच्या अगुएरोने मारली, ती लॉरिसने अडवली, आणि सोनच्या गोलाने यजमान १-० ने जिंकले. मँचेस्टरमध्ये मग पहिल्या अकरा मिनिटांत चार आणि एकवीस मिनिटांत पाच गोल झाले, जे पाहताना बचाव नावाची गोष्ट दोन्ही संघांनी घरी विसरली असावी असे वाटते. ७३ व्या मिनिटाला लोरेंतेच्या कमरेला लागून चेंडू जाळ्यात गेला. हाताचा स्पर्श झाला का, हे पंच जुनेत चाकिर यांनी पडद्यावर तपासले आणि गोल मान्य केला. भरपाई वेळेत स्टर्लिंगने गोल करताच सारे मैदान उसळले, सिटीचे प्रशिक्षक पेप गार्डिओला धावत सुटले, आणि काही क्षणांत अगुएरो ऑफसाइड असल्याचे सांगून तो गोल रद्द झाला. निर्णय बरोबर होता, यात शंका नाही. माझी तक्रार वेगळी आहे : तपासणी चालू असताना मैदानात बसलेल्या माणसाला काय तपासले जात आहे हे कळत नव्हते, पंचांचा आवाज कोणापर्यंत पोहोचत नव्हता, आणि ज्याने तिकिटाचे पैसे मोजले त्यालाच सर्वांत कमी माहिती मिळत होती. घरी पडद्यासमोर बसलेला प्रेक्षक याबाबतीत अधिक भाग्यवान ठरला. सामना ४-३ ने जिंकूनही सिटी बाहेर गेली, कारण एकूण ४-४ अशा बरोबरीत टॉटनहॅमचे परक्या मैदानावरील गोल तीन होते आणि सिटीचा एकही नव्हता.

उपांत्य फेरीच्या दोन लढती एका रात्रीच्या अंतराने, ७ आणि ८ मे २०१९ रोजी, निकालात निघाल्या. बार्सिलोनाने आपल्या कँप नाऊ मैदानावर लिव्हरपूलला ३-० ने हरवले, परंतु तो सामना पाहणाऱ्याला लगेच जाणवते की तीन गोलांचा फरक खेळाशी सुसंगत नव्हता. लिव्हरपूलने संधी निर्माण केल्या, सालाहचा फटका खांबाला लागला, आणि मेस्सीची फ्री किक वजा केल्यास दोन संघांत फार अंतर उरत नाही. अखेरच्या क्षणी डेंबेलेने समोर रिकामे गोल असताना चेंडू अलगद गोलरक्षकाच्या हाती दिला. तो चौथा गोल झाला असता तर अॅनफिल्ड या लिव्हरपूलच्या मैदानावरील परतीच्या सामन्याचा ४-० हा निकाल केवळ अतिरिक्त वेळेपर्यंतच घेऊन गेला असता. म्हणूनच हा पहिला सामना टाळू नये. परतीच्या सामन्यात सालाह आणि फिर्मिनो दोघेही नव्हते. ओरिगीने सातव्या मिनिटाला पहिला गोल केला. मध्यंतरात रॉबर्टसन जखमी होऊन बाहेर गेला म्हणून मिल्नर डाव्या बचावाला सरकला आणि व्हाय्नाल्डम मैदानात आला, ज्याने ५४ आणि ५६ व्या मिनिटाला दोन गोल ठोकले. चौथा गोल सर्वांनी पाहिलेला आहे : अलेक्झांडर-आर्नल्ड कॉर्नरपासून दूर जाऊ लागला, वळला, आणि बार्सिलोनाचे खेळाडू सावरण्याआधीच चेंडू ओरिगीकडे गेला. या गोलाला चलाखी म्हणून नावाजले जाते. मला त्यात बार्सिलोनाची थकलेली बेफिकिरी अधिक दिसते, आणि आधीच्या वर्षी रोमा या क्लबविरुद्ध अशीच तीन गोलांची आघाडी गमावलेल्या संघाकडून ती अक्षम्य होती.

अॅमस्टरडॅमचा सामना याहून क्रूर आहे. अयाक्स लंडनमध्ये १-० ने जिंकले होते आणि घरी मध्यंतराला २-० ने पुढे होते. म्हणजे टॉटनहॅमला ४५ मिनिटांत तीन गोल हवे होते, तेही हॅरी केन जायबंदी असताना. प्रशिक्षक पोचेत्तिनो यांनी मध्यंतरानंतर उंच लोरेंतेला उतरवले, उंच चेंडू पाठवायला सुरुवात केली, आणि अयाक्सची सारी नेटकी मांडणी विस्कटली. लुकास मोराने ५५ आणि ५९ व्या मिनिटाला दोन, आणि भरपाई वेळेच्या अगदी शेवटच्या क्षणी तिसरा गोल केला. एकूण ३-३, परक्या मैदानावर टॉटनहॅमचे तीन, अयाक्सचा एक. ज्या संघाने उन्हाळ्यात आणि जानेवारीतही एकही खेळाडू विकत घेतला नव्हता, साखळीतील पहिल्या तीन सामन्यांत ज्याला केवळ एक गुण मिळाला होता, तो अंतिम फेरीत गेला.

आणि मग १ जून, माद्रिदचे वांदा मेट्रोपोलितानो, लिव्हरपूल विरुद्ध टॉटनहॅम. पहिल्याच मिनिटात टॉटनहॅमच्या सिसोकोच्या हाताला चेंडू लागून पेनल्टी, दुसऱ्या मिनिटाला सालाहचा गोल, त्यानंतर तासाभराहून अधिक काळ दोन्ही संघांची उष्ण हवेतील सावध चाल, आणि ८७ व्या मिनिटाला ओरिगीचा दुसरा गोल. इंग्लंडमधील प्रीमियर लीग संपून जवळपास तीन आठवडे उलटले होते, दोन्ही संघांना सामन्याची लय उरली नव्हती, आणि केन नुकता दुखापतीतून परतला असूनही त्याला खेळवण्यासाठी मोराला बाकावर बसवण्यात आले. लिव्हरपूलचे हे सहावे विजेतेपद आणि आधीच्या दोन अंतिम सामन्यांत पराभूत झालेल्या प्रशिक्षक क्लॉप यांचे पहिले, म्हणून इतिहासात त्याचे स्थान आहे. पुन्हा पाहण्याजोगे त्यात लिव्हरपूलचा गोलरक्षक अलिसन याचे काही बचाव आहेत, बाकी नाही. एकाच सामन्यात परतफेडीची सोय नसते, त्यामुळे आघाडी घेतलेला संघ दार लावून घेतो.

परक्या मैदानावरील गोलांचा नियम २०२१-२२ पासून युएफाने काढून टाकला, आणि २०२४-२५ पासून साखळी गटांऐवजी ३६ संघांची एकच तालिका आली. यजमान संघ पहिल्या सामन्यात गोल खाण्याच्या भीतीने बचावात्मक खेळत, ही त्या नियमावरील टीका खोटी नव्हती. मात्र या हंगामातील पॅरिस, मँचेस्टर आणि अॅमस्टरडॅम या तिन्ही लढती आजच्या नियमाने अतिरिक्त वेळेत गेल्या असत्या, आणि त्या रात्रींची धार बोथट झाली असती, असे माझे मत आहे.

साखळी फेरी वगळताना एक अपवाद करावा : अॅनफिल्डवरील नापोलीविरुद्धचा डिसेंबरमधील सामना. परक्या मैदानावरील तिन्ही सामने हरलेल्या लिव्हरपूलला तो जिंकणे भागच होते. १-० अशी आघाडी असताना भरपाई वेळेत नापोलीच्या मिलिकचा जवळून मारलेला फटका अलिसनने अडवला नसता, तर पुढे विजेता ठरलेला संघ बाद फेरीत दिसलाच नसता. लिव्हरपूल आणि नापोली यांचे गुणही समान होते आणि गोलफरकही. निर्णय केवळ अधिक केलेल्या गोलांवर, नऊ विरुद्ध सात असा, झाला.